पेट्रोल अडते कुठे?

शेताच्या टोकाला पाणी पोहोचले नाही, तर आपण लगेच विहीर बुजवायला निघत नाही. आधी पाट धरून चालत जातो. पाट कुठे फुटला, खेकड्याने कुठे बीळ केले, दारे कुठे अर्धेच मोडले, ते बघतो. जुन्या पेट्रोल गाडीचे तसेच आहे. पण ती बंद पडली रे पडली, की आपले लोक म्हणतात, ‘कार्बोरेटर गेला!’ म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आमच्या वस्तीवर प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मुंबईतली या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, पण आमची अजून चालते. आईला गुडघ्यांमुळे एस.टी.ची पायरी चढवत नाही. महिन्याची तपासणी असो की भाचीचे लग्न, तिचे सारे जाणे-येणे या गाडीवर. म्हणून गेल्या वैशाखात आंबा घाटात गाडी मान टाकू लागली, तेव्हा तो नुसत्या हौसेचा प्रश्न राहिला नाही.

सपाटीला गाडी झकास चाले. चढ लागला की आचके देऊन बंद. अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने नवा कार्बोरेटर सांगितला, आणि ‘नाहीतर भंगारात द्या’ असा फुकटचा सल्लाही दिला. मी म्हटले, आधी पाट धरून चालू.

मात्र हात लावण्याआधी एवढे पाळा. इंजिन गार होऊ द्या. काम उघड्यावर करा. विडी, चूल आणि लेकरे लांब ठेवा, वाळूची बादली जवळ ठेवा. आणि तोंडाने नळी ओढून पेट्रोल कधी काढू नका. घोट फुफ्फुसात उतरला तर जिवावर बेतते.

आता पहिली पायरी. थोडा वेळ स्टार्टर मारून एक प्लग काढून बघा. प्लग ओला असेल, तर पेट्रोल येते आहे. दोष ठिणगीत, नाहीतर पेट्रोल जादा होते आहे. प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल वाटेत अडले आहे. आमचा कोरडा निघाला.

दुसरी पायरी टाकीच्या झाकणाची. टाकीत हवा जायला वाट लागते. ती वाट धुळीने बुजली, तर पेट्रोल निघते पण त्याच्या जागी हवा जात नाही, आणि काही मैलांवर गाडी घुसमटते. बंद पडताच झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज होऊन गाडी सुरू झाली, तर रोग सापडला. आमचे झाकण ठीक होते.

तिसरी पायरी. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर वाटीत पेट्रोल आहे. घाटात गाडी बंद पडताच आम्ही बघितले, तर पिचकारी नाही. म्हणजे कार्बोरेटरच उपाशी होता!

चौथी पायरी पंपाची. कॉइलची मुख्य वायर काढा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी बाटलीत धरा आणि स्टार्टर मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात यायला हवे. आमच्याकडे आले मंद, आणि बुडबुड्यांसकट. विहिरीवर सक्शन पाइपाला चीर पडली, की मोटर हवा धरते ना? तसेच हे. टाकीकडून पंपाला येणाऱ्या रबरी नळीला तडे गेले होते. बाहेर थेंब गळत नव्हता, कारण पंप तिथून पेट्रोलऐवजी हवा ओढत होता. सपाटीला तेवढ्यावर भागे, पण चढाला इंजिन जास्त मागते, आणि तिथे पुरवठा तोकडा पडे. थांबलो की वाटी हळूहळू भरे. नळी बदलली, पंपाचा फुगलेला पडदा बदलला. कार्बोरेटर जुनाच आहे.

नळी एवढी का खराब झाली? पंपांवर २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले, आणि २०२५ मध्ये देशभरात तेच प्रमाण गाठले गेले. जुन्या गाड्यांचे रबर या स्पिरिटसाठी केलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, तडकते. इथेनॉल पाणीही धरते आणि टाकीतला जुना गंज सुटा करते. पण त्याला शिव्या घालून काय होणार? आपल्याच उसाचा पैसा त्यात आहे. इथेनॉलला टिकणारी नळी आणि पडदा मागून घ्या, टाकी धुऊन घ्या, वाटेत गाळणी बसवा. या पेट्रोलला हवा थोडी कमी लागते, तेव्हा जेट जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या.

पंपापर्यंत सारे ठीक असेल, तेव्हाच कार्बोरेटर उघडा. गाडी उभ्याने बंद पडते पण पळताना ठीक असते, तेव्हा बारीक जेट तुंबलेला असण्याचा संभव जास्त. उभ्याने ठीक पण ओढ नाही, तेव्हा मोठा जेट बघा. ठिबकचे ड्रिपर तुंबतात तसेच हे. पण जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठे होते. हवेच्या झोताने साफ करा. पेट्रोल वाहत असेल किंवा काळा धूर येत असेल, तर चोक अडकला आहे का ते बघा, आणि फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे.

एक खूण मात्र विसरू नका. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला, किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढली, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल आत उतरत असेल. अशी गाडी सुरूच करू नका, आधी पंप उघडा आणि ऑइल बदला.

पुढच्या वेळी कोणी ‘कार्बोरेटर गेला’ म्हणाले, तर आधी एवढेच विचारा: ‘प्लग ओला आहे की कोरडा?’