आमची जॅझची फळी

जॅझच्या संग्रहात काय हवंच, असं विचारलं की जाणकार माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या 'काइंड ऑफ ब्लू'पासून सुरुवात करतात. त्यात काही चूक नाही. तो अल्बम आमच्याकडेही आहे. पण आम्हा दोघा भावांची फळी सुरू झाली ती एका नावापासून.

मुंबईत काळाघोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं. २०१६ साली ते बंद झालं. तिथं कव्वालीच्या सीडी चाळताना एका सीडीवर 'अहमद जमाल' असं नाव दिसलं. आम्हाला वाटलं, कोणी पाकिस्तानी वादक असेल. निघाला पिट्सबर्गचा काळा अमेरिकन पियानोवादक. आईबापांनी ठेवलेलं नाव फ्रेडरिक रसेल जोन्स. अल्बम होता 'अ‍ॅट द पर्शिंग', १९५८ च्या जानेवारीत शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित केलेला. यात 'पॉइन्सियाना' सुमारे आठ मिनिटं चालतं, आणि त्यात जमाल जेवढं वाजवतो, त्याहून जास्त सोडून देतो. मोकळ्या जागेत इझ्रेल क्रॉस्बीचा बास आणि व्हर्नेल फूर्नियेचे ड्रम चालत राहतात. अमेरिकेच्या खपाच्या यादीत हा अल्बम शंभराहून अधिक आठवडे होता. खुद्द माइल्स आपल्या पियानोवादकाला जमालसारखं वाजव म्हणायचा.

घरात अडचण अब्बांची होती. आमचं घराणं मिरजेचं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं, ते अब्बांनी तरुणपणी ऐकलेलं. पण हजहून परतल्यावर त्यांनी घरातला रेडिओसुद्धा बातम्यांपुरता ठेवला. आम्ही दार लावून ऐकायचो. आणि खरं सांगायचं तर मुसलमान नावं बघून ऐकायचो, जणू नावामुळं ते ऐकणं जायज होणार होतं.

नावं भरपूर सापडली. ड्रमवाला आर्ट ब्लेकी म्हणजे अब्दुल्ला इब्न बुहैना. त्याचा १९५८ चा 'मोनिन' नसेल तर संग्रहाला संग्रह म्हणू नये. पियानोवादक मॅकॉय टायनर म्हणजे सुलेमान सऊद; त्याचा 'द रिअल मॅकॉय' १९६७ चा. या लोकांपर्यंत इस्लाम पोहोचवण्यात मोठा वाटा कादियानच्या अहमदिया जमातीचा. त्यांचा प्रचारक १९२० साली अमेरिकेत उतरला होता. आपल्याकडे हा विषय निघाला की भुवया चढतात, आमच्याही चढल्या होत्या. पण गोऱ्यांनी दारं बंद केलेल्या माणसाला जिथं बरोबरीनं सफेत उभं केलं, तिथं तो गेला. काहींनी सोयही पाहिली. डिझी गिलेस्पीनं आत्मचरित्रात लिहिलंय की मुसलमान नाव घेतल्यावर काही वादकांच्या पोलिसी ओळखपत्रावर 'काळा'ऐवजी 'गोरा' अशी नोंद व्हायची. सगळेच काही सोयीचे मुसलमान नव्हते. युसूफ लतीफ हजला गेला, आणि पुढं पुढं दारू मिळते तिथं वाजवायचंच नाही असं त्यानं ठरवलं. त्याला 'जॅझ' हा शब्दही नको असायचा.

या लतीफचा १९६१ साली ध्वनिमुद्रित झालेला 'ईस्टर्न साउंड्स' आम्ही सर्वांत जास्त ऐकला. पहिल्याच तुकड्यात तो मातीची चिनी बासरी फुंकतो, मोजक्या पाच-सहा सुरांत, आणि साथीला रबाब. गरीब वाद्यावर एवढं मोठं काम आम्ही दुसरीकडं ऐकलेलं नाही.

जॉन कोल्ट्रेन मुसलमान नव्हता. त्याची पहिली बायको नईमा होती. 'अ लव्ह सुप्रीम' त्यानं ९ डिसेंबर १९६४ ला केला, पियानोवर आमचे सुलेमान सऊद. शेवटच्या भागात सॅक्सोफोन त्यानं स्वतः लिहिलेली हम्द शब्दाशब्दानं म्हणतो. शब्द पाकिटावर छापलेत, बोट ठेवून ऐकावं. हे ऐकलं आणि नावं बघून सीडी घ्यायचं आम्ही बंद केलं.

तरी एक नाव सोडवत नाही. केपटाऊनचा अब्दुल्ला इब्राहीम, १९६८ साली मुसलमान झालेला. त्याचा १९७४ चा 'मॅननबर्ग' घराघरातून हुसकावलेल्या लोकांच्या वस्तीच्या नावाचा. तो काढला जोहान्सबर्गच्या रशीद वॅली या भारतीय वंशाच्या रेकॉर्डविक्यानं; त्याच्या दुकानाचं नाव कोहिनूर, आणि कंपनीचं अश-शम्स. तेरा-चौदा मिनिटं तोच तो ठेका, आणि कंटाळा येत नाही.

अब्बांना एकदा इशानंतर आम्ही धीर करून जमालची गोष्ट सांगितली. त्यानं शिकागोत 'अल्हम्ब्रा' नावाचा क्लब काढला होता, आणि त्यात दारू ठेवली नव्हती. अब्बांनी तस्बीह थांबवली. त्यांनी चाळीस वर्षं दुकान चालवलेलं.

"मग?"

"१९६१ साली बंद पडला."

"पडणारच," अब्बा म्हणाले. थोड्या वेळानं, आत जाता जाता, "आवाज बारीक ठेवा. दार लावू नका, उकडतं."