अक्काची कौदी आणि माझी वही

आमच्या चिकोडीकडे तिला कौदी म्हणतात. कोल्हापूरच्या बाजूला सरकले की तीच वाकळ होते आणि पुण्या-मुंबईला गोधडी. बालाघाटला तिचे नाव कथरी. माझी थोरली बहीण गेली सत्तावीस वर्षे बालाघाटला राहते, शेजारणींशी कथरी-कथरी म्हणून बोलते, पण फोनवर आमच्याशी बोलताना तिच्या तोंडी कौदीच येते.

बालाघाट म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना बीड-लातूरकडचा बालाघाटचा डोंगर आठवतो. हे ते नव्हे. हा मध्य प्रदेशातला जिल्हा, वैनगंगेच्या काठचा, भाताचा आणि जंगलाचा. मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचे, एक रात्र आणि दुसरा जवळजवळ अख्खा दिवस गाडीत काढून गोंदियाला उतरायचे आणि तिथून पुढे तासाभराचा प्रवास. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिले. त्याच वर्षी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, हे वाचकांना सांगायला नको. त्यामुळे अक्काला तिथे गेल्यावर फारसे परके वाटले नाही. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शेजारणीच्या ओट्यावर तिसरी, ही सवय तिला इथूनच होती. तिथे बाजारात हिंदी आणि शेजारणींची पोवारी, एवढाच फरक.

आमचे दाजी मूळ गडहिंग्लजचे. भरवेलीच्या मँगनीज खाणीत नोकरीला लागले आणि तिकडचेच झाले. ही खाण जमिनीखाली खोलवर गेलेली आहे, आशियातल्या सर्वांत खोल मँगनीज खाणींत तिची गणना होते. दाजींची ड्यूटी पाळीची. आठवडा बदलला की घराचे सगळे वेळापत्रक बदलते. अक्काचे शिवण त्या वेळापत्रकात बसलेले आहे.

कौदी शिवायला ती आमच्या अज्जीकडे शिकली. अज्जी कानडी बोलणारी, आई मराठी. उन्हाळ्यात धान्य भरून झाले की अज्जी अंगणात जुनी लुगडी पसरायची आणि आम्हा दोघींना कोपरे धरायला बसवायची. कौदी संपत आली की शेवटचा कोपरा शिवण्याआधी भाकरीचा इवलासा तुकडा आत ठेवायची. "होट्टी तुंबबेकव्वा," म्हणायची. कौदीचेही पोट भरलेले हवे. मी तो तुकडा एकदा काढून खाल्ला होता असे अक्का सगळ्यांना सांगते. मला काही तसे आठवत नाही.

बालाघाटची थंडी आपल्यापेक्षा कडक. लग्नानंतरच्या पहिल्याच डिसेंबरात तिने माहेरून आणलेल्या दोन इलकल लुगड्यांची आणि दाजींच्या जुन्या धोतरांची कौदी शिवली. शेजारणीने ती पाहिली आणि आपल्या साड्या आणून दिल्या. मग तिच्या नणंदेने, मग कॉलनीतल्या कुणी. सुरुवातीला बदल्यात तांदूळ यायचे, पुढे पैसे येऊ लागले. आता दिवाळीच्या आधी तिच्या पलंगाखाली पाच-सहा घरांची गाठोडी असतात.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे अठरा दिवस होते. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. घरातल्या गृहिणीचे काम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. या वेळी मीच वही काढली. अक्का दिवसभरात शिवायला केव्हा बसते आणि केव्हा उठते, याची नोंद ठेवायची ठरवली.

पहिल्या दिवसाची नोंद अशी. साडेपाचला नळाचे पाणी. सहाला दाजींचा डबा. मग सासूबाई. त्यांना चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. त्यांना उठवणे, पुसणे, कपडे बदलणे, भरवणे यात दीड तास. धुणे, स्वयंपाक. शिवायला पहिल्यांदा बसली ती दहा वाजून पन्नास मिनिटांनी, आणि कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला उठली. पुन्हा बसली, तर गॅसवाला आला. दुपारी सासूबाईंना कूस बदलून दिली की बसायची, त्यांनी हाक मारली की उठायची. त्या दिवशी ती अकरा वेळा बसली. सर्वांत मोठी बैठक चाळीस मिनिटांची, सर्वांत लहान चार मिनिटांची. एकूण पावणेतीन तास. पुढच्या दिवसांतही आकडा थोडाफार असाच राहिला. एका दिवशी मात्र शून्य, कारण पाहुणे होते.

शिवण सासूबाईंच्या खोलीतच चालते. त्यांना आता पुष्कळशा गोष्टींचा विसर पडतो, पण कापड विसरत नाहीत. उजव्या हाताने कौदीवरचा तुकडा चाचपतात आणि हे कुणाचे लुगडे ते सांगतात. कधी बरोबर असते, कधी नसते. अक्का प्रत्येक वेळी "हो आई" म्हणते आणि दोरा ओढते.

ज्यांनी कौदी शिवताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. (पाहिलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) आधी सगळी कापडे धुऊन दोन उन्हे खाऊ द्यायची. अस्तराची साडी जमिनीवर ताणून पसरायची, चार कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, जे सापडेल ते वजन ठेवायचे. त्यावर एकेक थर. मोठ्या कौदीला पाच-सहा साड्या लागतात. जिथे कापड विरलेले असेल तिथे जास्तीचा तुकडा घालायचा, नाहीतर सहा महिन्यांत तिथेच खड्डा पडतो. थर हलू नयेत म्हणून लांब कच्चे टाके घालायचे आणि मग खरे शिवण सुरू. धावदोरा कडेने सुरू होतो, चौकटीच्या आत चौकट करत मध्यापर्यंत जातो. शिवलेला भाग मांडीखाली दाबून बसायचे, डाव्या हाताने खालून थर चाचपत राहायचे. एखादा थर सरकला की झोळ येतो आणि मग उसवण्याशिवाय इलाज नाही. अक्काच्या मधल्या बोटाला अंगुस्तान असते, तरी पहिल्या बोटाचे टोक कायम खरबरीत. मान आणि गुडघे यांविषयी ती बोलत नाही. मी पाहिले की उठताना ती भिंतीला हात लावते.

आता कापडही पूर्वीचे राहिले नाही. लोक आणून देतात त्यांत निम्म्याहून अधिक सिंथेटिक साड्या. त्या धुतात छान, वाळतात पटकन, पण सुई त्यांत घसरते, थर जागेवर राहत नाहीत आणि अंगावर घेतले की घाम टिपत नाहीत. वारासिवनीला जवळच हातमाग आहेत, तिथली जुनी सुती साडी कुणी आणून दिली की अक्काचा चेहरा खुलतो. अशी साडी ती आतल्या थरात घालते. वरून दिसत नाही तिथे का, असे मी विचारले. म्हणाली, "अंगाला तीच लागते की गं."

तर एका दुपारी मी हिशोब मांडला. कौदी पाच फूट बाय सात फूट, म्हणजे पस्तीस चौरस फूट. दोन ओळींत अर्धा इंच अंतर, म्हणजे एका फुटात चोवीस ओळी. पस्तीस गुणिले चोवीस, ८४० फूट धावदोरा. अडीचशे मीटरच्या वर. इंचाला तीन टाके धरले तर तीस हजारांहून जास्त टाके. घड्याळ लावून पाहिले, पाच थरांतून तिचे मिनिटाला साधारण आठ टाके पडतात. म्हणजे एका कौदीला त्रेसष्ट तास. धुणे, पसरणे, कच्चे टाके यांत धरलेलेच नाहीत. रोजच्या पावणेतीन तासांनी तेवीस दिवस. आणि तिचा दर होता बाराशे रुपये, दोरा तिचाच. तासाला एकोणीस रुपये पडतात. मध्य प्रदेशात रोजगार हमीचा २०२५-२६ चा रोज २६१ रुपये होता. त्रेसष्ट तास म्हणजे आठ रोज धरा. माती उचलली असती तरी दोन हजारांच्या वर झाले असते.

हे आकडे वहीत होते, मी ते कुणाला दाखवायच्या विचारात नव्हते. पण ते पाहुणे आले होते ना, त्यांच्यासमोर विषय निघाला. दाजींच्या ओळखीचे गृहस्थ होते, सौ. शाळेत शिक्षिका. त्यांनी सहज विचारले, वहिनी काय करतात. दाजी म्हणाले, "घरीच असते. वेळ जात नाही म्हणून शिवत बसते."

दाजी मनाने वाईट नाहीत. आईचे रात्रीचे सगळे ते स्वतः करतात, हेही मी वहीत लिहिलेले आहे. पण ते वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरात बोलले जाते, म्हणून इथे लिहिते. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, त्यात घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांचा दिवसाकाठी सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला. २०२४ च्या पाहणीत तो अनुक्रमे २८९ आणि ८८ झाला. दोघांचाही थोडा कमी झाला, अंतर मात्र तिथेच आहे. वेळ जात नाही अशी बाई मला तरी अजून भेटायची आहे.

पाहुणे गेल्यावर मी वही दाजींसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, गुणाकार पुन्हा करून पाहिला. खाणीतला माणूस, आकड्याला मानतो. म्हणाले, "बाराशे फारच कमी आहेत." मला बरे वाटले. पण अक्काला राग आला होता, आणि तो दाजींवर नव्हता, माझ्यावर होता. "तू तास मोजलेस," ती म्हणाली. "आता मी बसले की मला एकोणीस रुपयेच दिसणार. मी तिथे बसते म्हणून माझं डोकं ठिकाणावर राहतं, ते कुठल्या रकान्यात घालशील?"

याला माझ्या विषयात सोयीचे उत्तर नाही. तरीही मला वाटते की मन रमते म्हणून मजुरी कमी घ्यावी, हा हिशोब फक्त बायकांनाच लावला जातो. शिक्षकाला शिकवण्यात आनंद मिळतो म्हणून कुणी त्याचा पगार कापत नाही. हे मी तिला सांगितले. तिने ऐकले आणि भाजी चिरायला उठली.

भाची नागपूरला नोकरी करते, ती रविवारी आली होती. तिने मोबाइलवर चित्रे दाखवली. आपल्या कारवार जिल्ह्यातल्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायकांच्या कवंदी, कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची फुला लावलेल्या. ती फुला नसली तर कवंद नागडी दिसते असे त्या बायका मानतात. मग अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांच्या गोधड्या. जुन्या कामाच्या कपड्यांपासून शिवलेल्या त्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. भाची म्हणाली, "बघ आई, तुझंसुद्धा पाच हजाराला जाईल." अक्काने फोन डोळ्यांजवळ नेऊन टाके पाहिले, मग विचारले, "त्या बायकांना किती मिळाले?" मला जेवढे माहीत होते तेवढे सांगितले, की त्यांतल्या काहीजणींना आपल्या वाट्यासाठी २००७ साली कोर्टात जावे लागले आणि पुढल्या वर्षी ते दावे मिटले. अक्का म्हणाली, "मग आधी इथलाच दर ठरवू."

तिने दर दोन हजार केला. माझ्या हिशोबाने तोही कमी, पण तो तिने ठरवला. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला पैसे नाहीत, हा जुना नियम कायम. शेजारणीशी अदलाबदलही कायम, कारण सासूबाईंना उचलायला तीच येते. नवा दर ऐकून दोन घरांनी गाठोडी परत नेली. त्यांतले एक पंधरा दिवसांनी परत आले. दुसऱ्या बाई अजून रस्त्यात भेटल्या की तिकडे बघतात.

आणखी एक झाले. चार ते सहा हा वेळ दाजींची सकाळपाळी असेल त्या आठवड्यात अक्काचा. चहा दाजी करतात, आईच्या हाकेला ते उठतात. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सगळे पुन्हा पहिल्यासारखे. सलग दोन तास बसायला मिळाले तर काय होते, असे मी फोनवर विचारले. म्हणाली, "पहिले दोन दिवस सारखी उठत होते. कुकर लावलेलाच नव्हता, तरी."

भाचीला आता सातवा महिना आहे. तिच्या दुपट्यांसाठी अक्काला मऊ झालेली सुती कापडे हवी आहेत आणि तिकडे ती मिळेनाशी झाली आहेत. मी आमच्या गल्लीत विचारून तीन इलकल लुगडी जमवली, त्यांतले एक अज्जीचे निघाले. ते दुपट्याला फाडायचे की ठेवायचे यावर आमचे दोघींचे अजून ठरलेले नाही. बाकीची दोन सोमवारी पोस्टात टाकते.