रुसलेला योना

नोकरीनिमित्त परदेशी जाताना मुलाने आपली पुस्तके बांधून माळ्यावर ठेवली, सायकल मावसभावाला दिली आणि दिवाणखान्यातली काचपेटी मात्र आमच्या गळ्यात घातली. दोन फूट लांबीच्या त्या पेटीत एकच मासा होता. काळपट अंगावर नारिंगी नक्षी असलेला, 'ऑस्कर' जातीचा. मुलाने त्याचे नाव ठेवले होते योना. माशाच्या पोटात तीन दिवस काढलेल्या संदेष्ट्याचे नाव माशालाच द्यावे, हा त्याचा विनोद!

आम्ही उभयतांनी आयुष्यभर मासा पाहिला तो कोळणीच्या टोपलीत, नाहीतर ताटात. माशाला अक्कल असते, माशामाशांत स्वभावाचा फरक असतो, असे कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो. माशाची आठवण तीन सेकंदांपलीकडे टिकत नाही, ही सर्वत्र पसरलेली समजूत आमचीही होती. आणि खरे सांगायचे तर ती फार सोयीची होती.

पहिले काही आठवडे आम्ही केवळ कर्तव्य म्हणून सकाळ-संध्याकाळ दाणे टाकत होतो. पुढे लक्षात आले की, आम्ही खोलीत पाऊल टाकताच योना काचेपाशी येतो, शेपटी हलवतो आणि आमच्या येरझाऱ्यांबरोबर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहतो. "पोटासाठी येतो, त्यात बुद्धी कसली?" असे आम्ही एकमेकांना म्हणालो. तरीही शंका राहिलीच. म्हणून एके दिवशी दाण्यांचा डबा शेजारच्या काकूंच्या हाती दिला आणि आम्ही दाराआड उभे राहिलो. योना मागच्या कोपऱ्यात दगडाआड गेला, तो काही केल्या बाहेर येईना. काकू गेल्यावर आम्ही रिकाम्या हातांनी पुढे झालो, तर स्वारी काचेला नाक लावून हजर! आम्ही कपडे बदलले, चष्मा काढला, तरी त्याची ओळख चुकली नाही.

हळूहळू त्याचा स्वभावही कळू लागला. पेटीची मांडणी त्याच्या मर्जीप्रमाणे हवी. आम्ही हौसेने लावलेले प्लास्टिकचे रोपटे तो रोज उपटून टाकी, आणि खडे तोंडात धरून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकी. पाणी बदलण्याचा दिवस त्याला मुळीच खपत नसे. त्या दिवशी तो तळाशी एका कुशीवर आडवा पडून राही. आम्ही म्हणायचो, "योना रुसला!" संध्याकाळी रुसवा निघे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही हा रुसवा कौतुकाने दाखवू लागलो.

मुलाने पुस्तके पाठवली, तेव्हा कळले की या गोष्टी जाणकारांना नव्या नाहीत. ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. आपल्याकडच्या तळ्यांतली चिलापी आणि खाडीतले कालुंदर त्याच्याच कुळातले. याच कुळातल्या एका आफ्रिकी माशावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रयोग झाले, ते 2007 साली प्रसिद्ध झाले. इतर नरांच्या झुंजी काचेतून नुसत्या पाहून, कधीही समोरासमोर न लढलेल्या दोघांपैकी दुबळा कोणता, हे तो मासा ताडतो. तोंडातून पाण्याची पिचकारी मारून किडे पाडणारे धनुर्धारी मासे शिकवलेला मानवी चेहरा चव्वेचाळीस परक्या चेहऱ्यांतून वेगळा ओळखू शकतात, हे 2016 साली दिसून आले. आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1923 साली, पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी शिट्टी ऐकताच आपल्या नळीतून बाहेर येणाऱ्या एका आंधळ्या माशाची हकीकत लिहिली होती. मासे बहिरे असतात, असे तोवर पुष्कळ विद्वान मानत असत. त्या माशाचे लाडके नाव होते 'क्साव्हर्ल', म्हणजे आपल्या झेवियरचेच लडिवाळ रूप!

हे सारे वाचून आम्ही स्वतःला माशांचे जाणकार समजू लागलो. तो अहंकार फार दिवस टिकला नाही.

ईस्टर जवळ आला होता. झावळ्यांच्या रविवारआधी घर झाडून-पुसून लख्ख करण्याच्या उत्साहात आम्ही काचपेटीही घासली. फिल्टरमधला काळाकुट्ट स्पंज नळाखाली धरून तो पांढरा होईपर्यंत पिळला. संध्याकाळी योना तळाशी आडवा पडलेला दिसला. आम्ही नेहमीप्रमाणे हसलो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच. "या वेळी रुसवा मोठा दिसतोय," असे म्हणून आम्ही देवळात गेलो. तिसऱ्या सकाळी त्याचे कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते आणि परांच्या कडांना लाली आली होती.

मुलाला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "बाबा, स्पंज कशात धुतलात?"

तेव्हा उलगडा झाला. माशाच्या शरीरातून पाण्यात अमोनिया उतरतो. स्पंजवर वाढलेले सूक्ष्म जीवाणू त्या विषाचे रूपांतर करून पाणी राहण्याजोगे ठेवतात. आम्ही घाण म्हणून जे धुऊन टाकले, तेच त्याचे रक्षणकर्ते होते. उरलेसुरले नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने मारले. दोन दिवस योना रुसला नव्हता, तो गुदमरत होता. त्याहून बोचले ते पुढचे. ऑस्कर हातभर वाढतो, दोन फुटांची पेटी त्याला फार तोकडी. ज्याला आम्ही कौतुकाने रुसवा म्हणत होतो, ते आमच्या दर वेळच्या धसमुसळ्या हाताळणीने त्याला बसलेले धक्केच होते.

आम्ही अर्धे पाणी बदलले, क्लोरिन घालवणारे औषध घातले, दाणे बंद केले. मासे विकणाऱ्या दुकानदाराने आपल्या जुन्या पेटीतला मळका स्पंज काढून दिला. त्या आठवड्यात पापनिवेदनाला गेलो, तेव्हा एका माशाची गोष्ट धर्मगुरूंपुढे काढावी की नाही, अशा संकोचात आम्ही होतो. काढली. धर्मगुरू हसले नाहीत.

योना वाचला. आता तो पाच फुटांच्या पेटीत राहतो. आम्ही मासे खाणे सोडले, असे लिहिले तर ते असत्य ठरेल. पण त्याच्या बुद्धीचे कौतुक करणे आणि त्याचे म्हणणे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळले. आपल्याला ओळखतो म्हणून आम्ही त्याला हुशार ठरवले. त्याला ओळखण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत. घरातल्या माणसांच्या रुसव्यांचे तरी आम्ही याहून वेगळे काय केले असेल, हाही प्रश्न तेव्हापासून मनात आहे. रिमिनीच्या किनाऱ्यावर संत अंतोनींचे प्रवचन माशांनी पाण्याबाहेर माना काढून ऐकले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. माशांचे कोणी ऐकावे, हे मात्र त्या गोष्टीत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात परमेश्वराचा पहिला आशीर्वाद पाचव्या दिवशी जलचरांना आणि पाखरांना मिळतो, माणसाला त्यानंतर, हे आम्ही कित्येकदा वाचूनही आमच्या ध्यानात आले नव्हते.

योना पुन्हा आमच्या बोटांपाशी येतो, दाणे हातून घेतो. पण त्या दिवशी वापरलेली लाल बादली दाराशी दिसली की, तो अजूनही दगडाआड जातो. त्याने हाताला क्षमा केली असावी; बादलीला केलेली नाही. आम्ही आता पांढरी बादली वापरतो.