उदात्त कूज

दुःखाशिवाय साहित्य पिकत नाही, हे वाक्य आम्ही वर्गात गेली पंधरा-वीस वर्षे निःशंकपणे उच्चारत आलो. त्याच्या पुष्टीसाठी एक दृष्टान्तही आमच्यापाशी तयार असे. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या आग्नेयेस सोतेर्न नावाचा प्रदेश आहे. तेथील द्राक्षांना बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी लागते. मणी तपकिरी पडतात, सुरकुततात, त्यांच्यावर राखेसारखी लव चढते. आणि या किळसवाण्या दिसणाऱ्या घडांतूनच अत्यंत मोलाची गोड वाइन निघते. फ्रेंच लोक या प्रकाराला ‘उदात्त कूज’ म्हणतात, एवढे सांगून आम्ही विजयी मुद्रेने थांबत असू.

एका वर्षी नाशिककडच्या एका विद्यार्थ्याने आपल्या कथा आम्हांला वाचावयास दिल्या. आदल्या हंगामात अवकाळी पावसाने त्याच्या घरची द्राक्षबाग गेली होती. कथांविषयी फारसे काही न बोलता आम्ही त्यालाही हाच दृष्टान्त ऐकवला. तो शांतपणे म्हणाला, “सर, आमच्याकडे बुरशी लागली की घड बांधावर टाकतात.” पुढे त्याने कथा दाखवल्या नाहीत, आणि आम्हीही मागितल्या नाहीत.

त्याच्या त्या वाक्याने अस्वस्थ होऊन आम्ही आमचाच दृष्टान्त मुळापासून तपासू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की आजवर आम्ही तो अर्धाच सांगत होतो.

सोतेर्नजवळ सिरों ही थंड पाण्याची लहान नदी तुलनेने उबदार अशा गारोन नदीस मिळते. शरदात तेथे पहाटे धुके उठते आणि त्या ओलाव्यात बुरशी रुजते. दुपारी मात्र ऊन पडते, वारा सुटतो आणि तिची वाढ आटोक्यात राहते. बुरशीने सच्छिद्र केलेल्या सालीतून मण्यातले पाणी उडून जाते. उरलेला रस दाट होतो. उन्हात वाळलेल्या बेदाण्याहून हा प्रकार निराळा आहे, कारण बुरशी स्वतःही रसात फेरफार करते. ती काही साखर व आम्ल खाते, ग्लिसरॉल निर्माण करते आणि मध, जर्दाळू यांची आठवण करून देणारे गंध त्यात आणते.

या साऱ्यासाठी मणी आधी पुरता पिकलेला असावा लागतो. तो कच्चा असेल, किंवा पाऊस लागून राहिला, तर तीच बुरशी घडच्या घड सडवते. मग तिचे नाव ‘करडी कूज’. शिवाय एका घडातले सारे मणी एकाच वेळी योग्य अवस्थेस पोहोचत नाहीत. म्हणून तोडणी करणारे कित्येक आठवडे त्याच बागेतून पुनःपुन्हा फिरतात, प्रत्येक घड निरखतात आणि तयार झालेले तेवढेच खुडतात. इतके करूनही एखादे वर्ष हातचे जाते. हवामानाने साथ न दिल्यामुळे शातो दिकेम या विख्यात बागेने २०१२ सालची आपली गोड वाइन बाजारात आणलीच नाही.

दुःखाचे माहात्म्य सांगताना आम्ही दुपारचे ऊन विसरलो, आणि घड निरखणारे हातही. त्या मुलाच्या वाट्याला पाऊस आलाच होता. त्याची थोरवी त्याला आमच्याकडून ऐकायची नव्हती. त्याला हवा होता आपल्या कथा ओळीओळीने वाचणारा कुणीतरी. अमुक परिच्छेद उतरला आहे, तमुक अजून कच्चा आहे, इतके साधे बोलणे आम्हांला जमण्यासारखे होते. दुःखाचा गौरव करणे सोपे होते, म्हणून आम्ही तेच केले.

त्याच्या कथांच्या छायाप्रती अजून विभागाच्या कपाटात आहेत. परवा त्या काढल्या. समासात आमचा एकही शेरा नव्हता. आता पेन्सिल घेऊन वाचावयास बसलो आहोत. फार उशीर झाला आहे, हे आम्ही जाणतो. तरी वाचून झाल्यावर त्याचा पत्ता शोधणार आहोत.