दोन जन्मतारखा

आमच्या आईला दोन जन्मतारखा आहेत. पहिली शाळेच्या दाखल्यावरची, १ जून १९४८. शाळा जूनमध्ये उघडायची आणि मुलाचे वय पुरे भरलेले दिसायला हवे, म्हणून त्या काळच्या हेडमास्तरांनी निम्म्या महाराष्ट्राला १ जून रोजी जन्माला घातले आहे. दुसरी खरी, ती शके १८७०च्या ऋषिपंचमीची. पहिली सरकारदरबारी चालते. दुसरीला ऋषीच्या भाजीबरोबर आईसाठी काहीतरी गोड करावे लागते.

गेल्या नोव्हेंबरात मी कॉलेजातून घरी आलो, तो आई फोनवर मोठ्या अगत्याने बोलत होती. तिला ऐकू कमी येते, त्यामुळे पलीकडचा आवाज दारापर्यंत येत होता.

"आजी, हयातीचा दाखला राहिलाय तुमचा. पेन्शन थांबेल. मी इथूनच भरून देतो."

त्याला आईचे नाव, पत्ता, पेन्शनच्या कागदाचा नंबर, वडील निवृत्त झाल्याची तारीख, एवढेच काय, ते गेले ती तारीखही ठाऊक होती.

"जन्मतारीख एक जून, बरोबर ना?"

"नाही रे बाळा, ती शाळेतली. खरी ऋषिपंचमीची," असे म्हणून आईने मुळापासून सुरुवात केली. त्या दिवशी ओढ्याला पूर कसा आला, सुईण पलीकडे कशी अडकली! तो बिचारा "मोबाइलवर आलेले सहा आकडे सांगा हो आजी" म्हणून काकुळतीला आला होता. सुईण अजून ओढ्यापलीकडेच होती, तेवढ्यात मी आईच्या हातून फोन घेतला.

पैसे वाचले. बँकेत जाऊन आलो, १९३० या क्रमांकावर कळवले. पण आई फोन वाजला की दचकू लागली. तिसऱ्या दिवशी ताट वाढता वाढता तिने विचारले, "ह्यांच्या जाण्याची तारीख त्याला कुणी रे सांगितली?"

मी काय सांगणार? वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती किती खिडक्यांतून आत सरकवल्या, हे मलाच आठवत नव्हते. पूर्वी भेळ संपल्यावर हातातल्या कागदावर कुणाचा तरी अर्ज वाचायला मिळे. आपणही हसत हसत तो वाचत असू. आता भेळ तीच, फक्त अर्ज आपला! खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले. २०२३ साली त्यासाठी कायदाही झाला. हे मी आईला समजावून दिले. तिने ऐकून घेतले आणि आमटी वाढली.

वर्गात मी दर वर्षी महानुभावांच्या सांकेतिक लिपी शिकवतो. आपले ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांनी ते सकळ, सुंदरी अशा लिपींत लिहून ठेवले. इतका खटाटोप कशाला, असे मुले विचारतात. या वर्षी मी त्यांना हसलो नाही.

रविवारी आईने फडताळातून पितळी डबा काढला. त्यात वडिलांचे चष्म्याचे घर, आजीची बिनफिरकीची नथ आणि जुन्या पंचांगाचे एक पिवळे पान होते. पानाच्या कडेला तिच्या वडिलांनी मोडीत टिपण केलेले. ते त्यांनी तिला लहानपणी वाचून दाखवले होते. तिला स्वतःला मोडी येत नाही.

"हे कुणी चोरलं, तरी वाचणार कोण?" आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

एम.ए.ला शिकलेली मोडी माझ्या मदतीला धावेना. लहान मुलासारखा मी अक्षर अक्षर लावत होतो. 'कन्या' लागले. 'ओढा' लागला. मी अडलो की आई पाठ असलेला शब्द पुरवी. एवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजू लागला. मी उठणार, तो आईने माझा हात धरला.

"वाजू दे. सुईण आली का, ते बघ आधी."