परत आलेले शिफारसपत्र

धर्मगुरूच्या टेबलावर जे कागद येतात, त्यांत शिफारसपत्र मागणारे कागद फार. कुणाला नर्सिंगच्या प्रवेशासाठी, कुणाला वसतिगृहासाठी, तर कुणाला नोकरीसाठी ‘फादर, दोन ओळी’ हव्या असतात. पंचवीसएक वर्षांच्या सेवाकाळात अशी किती पत्रे आम्ही लिहिली, त्याची गणती नाही. ‘सुस्वभावी, कष्टाळू, होतकरू’ ही विशेषणे तर आमच्या लेखणीच्या टोकाशी तयारच असतात. आजवर एकही पत्र आमच्याकडे परत आले नव्हते. अलीकडे एक आले, त्याची ही हकिकत.

गिरणाकाठच्या भडगावी आपली मोजकीच कुटुंबे आहेत. त्यांतील एका घरची मुलगी जळगावला संगणकशास्त्र शिकली. आई परिचारिका, वडील कपाशीचे शेतकरी. एके दिवशी ती आली आणि म्हणाली, “फादर, परदेशात एका फेलोशिपसाठी अर्ज करते आहे. विषय आहे कृत्रिम बुद्धिमत्तेची सुरक्षितता.” सोबत आई होती. तिने भाबडेपणाने विचारले, “फादर, सुरक्षा म्हणजे पहारेकऱ्याचीच नोकरी ना हो?” आम्ही हसलो खरे, परंतु नेमके उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते.

मुलीने समजावून सांगितले. माणसासारखे बोलणारी, लिहिणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आली आहेत. ती खोटे केव्हा बोलतात, घातक सल्ला का देतात, बनवणाऱ्याच्या हेतूबाहेर का वागतात आणि हे आधीच कसे ओळखावे, याचा अभ्यास करणारी एक नवी शाखा निर्माण झाली आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ‘मॅट्स’ नावाचा उपक्रम तरुणांना काही आठवडे अनुभवी संशोधकाच्या हाताखाली ठेवतो. आपल्याकडे मद्रासच्या आयआयटीत उत्तरदायी कृत्रिम बुद्धिमत्तेचे केंद्र आहे. अशा ठिकाणी मोठ्या पदवीपेक्षा प्रत्यक्ष केलेले काम अधिक पाहिले जाते. तुम्हाला कोणता प्रश्न सतावतो, त्यासाठी तुम्ही काय करून पाहिले, तुमचे म्हणणे कुठे चुकू शकते, हे अर्जात लिहावे लागते. तुम्हाला जवळून ओळखणाऱ्यांची पत्रेही लागतात.

तिचा प्रश्न घरच्या शेतातच उगवला होता. तिने यंत्राला मराठीत विचारले, “संकरित कपाशीचे घरी राखलेले बी पुढच्या वर्षी पेरले तर चालेल का?” यंत्राने योग्य उत्तर दिले, की संकरित वाणाच्या बियाण्यातून पुढच्या पिढीत तसे पीक येत नाही. मग तिने तोच प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडचा करून विचारला, “माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, घरचे बी चालतेच. होय ना?” यंत्र लगेच मान डोलवू लागले! फवारणीच्या प्रश्नांतही तिला असाच अनुभव आला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. ‘हो’ला ‘हो’ मिळवणारा सल्लागार शिवारात किती महाग पडेल, ते खानदेशाला वेगळे सांगायला नको.

यंत्राला ही खोड लागते कशी? त्याला शिकवताना माणसे त्याच्या दोन उत्तरांपैकी अधिक चांगले कोणते ते सांगतात, आणि त्या पसंतीवरून ते शिकत जाते. आपल्या मताला दुजोरा देणारे उत्तर माणसाला गोड लागते. मग यंत्रही दुजोरा देण्यास शिकते. एप्रिल २०२५ मध्ये ‘ओपनएआय’ या कंपनीला आपल्या चॅटजीपीटीतील एक बदल याच कारणास्तव मागे घ्यावा लागला. तो वापरणाऱ्यांची अतोनात खुशामत करीत होता. भाषेचा प्रश्न याहून निराळा. २०२३ साली अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी निषिद्ध प्रश्न झुलूसारख्या, संगणकावर फारसा मजकूर नसलेल्या भाषांत रूपांतरित करून यंत्राला विचारले. अशा भाषा आलटूनपालटून वापरल्यावर शंभरांतील ७९ वेळा यंत्राचे कुंपण ओलांडता आले. मग आमच्या अहिराणीत काय होत असेल? मुलीला याच प्रश्नाचा छडा लावायचा होता.

आम्ही भारावून गेलो आणि त्याच भरात पत्र लिहिले. ‘असामान्य बुद्धिमत्ता, संगणकशास्त्रात निष्णात, आमच्या युवक मंडळाची अध्यक्ष, उपजत नेतृत्वगुण.’ इंग्रजीही चांगले झोकदार साधले होते.

चार दिवसांनी ती एसटीने आली. पाकीट आमच्या पुढ्यात ठेवून खालमानेने म्हणाली, “फादर, राग मानू नका. मी मंडळाची अध्यक्ष कधीच नव्हते. हिशेब ठेवायचे एवढेच. आणि मी निष्णात आहे की नाही, हे तुम्हाला कसे कळणार? समोरच्याला बरे वाटेल तेच यंत्र बोलते, हा माझा विषय. त्या अर्जाला हे पत्र कसे जोडू?”

खोटे कशाला सांगावे, आम्हाला राग आला. ज्या मुलीला प्रथम कम्युनियनची तयारी आम्ही करून दिली, तिने आमचे पत्र परत आणावे! तिला चहा देण्याचेही भान राहिले नाही. “बघतो,” एवढेच म्हणून तिला वाटेला लावले.

रात्री पत्र पुन्हा वाचले. सेमिनरीत संत थॉमस अक्विनास शिकताना सत्याची एक व्याख्या आम्ही घोकली होती. वस्तू जशी आहे तिच्याशी बुद्धीची जुळणी होणे म्हणजे सत्य. मुलीच्या क्षेत्रातही ‘अलाइनमेंट’ म्हणजे जुळणी हाच परवलीचा शब्द आहे. तिथे अर्थ असा, की यंत्राचे वागणे माणसाच्या खऱ्या हिताशी जुळावे. आमच्या पत्राची मात्र मुलीशी जुळणी नव्हती. ती वाचणाऱ्याच्या आवडीशी होती. यंत्राची खोड आमच्याच लेखणीत कित्येक वर्षे मुरलेली होती.

मग एक जुना प्रसंग आठवला. ती अकरावीत असताना सणाचा जमाखर्च तिच्याकडे होता. हिशेबात ३४० रुपये कमी भरले. तिने पावत्या दोनदा तपासल्या आणि सर्वांसमक्ष आम्हालाच विचारले, “फादर, तुम्ही कुणाला काही दिले होते का?” दिले होते. एका वाटसरूला गाडीभाड्यासाठी पेटीतून काढून दिले आणि नोंद करायची राहिली. त्या दिवशी आम्ही ओशाळलो होतो. दुसऱ्या पत्रात एवढेच लिहिले. पुढे लिहिले, की तिचा विषय आम्हाला समजत नाही. परंतु समोर कोण आहे हे पाहून ती बेरीज बदलत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. पत्र दहा ओळींचे झाले.

१० मे २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्डिनलांना आपल्या नामाभिधानाचे कारण सांगितले. १८९१ साली लिओ तेरावे यांनी कारखानदारीच्या युगातील कामगारांचा प्रश्न हाती घेतला. आज कृत्रिम बुद्धिमत्ता तसेच आव्हान घेऊन उभी आहे. ते वाचले तेव्हा हा प्रश्न रोमचा वाटला होता. पाकीट परत आल्यावर तो आमच्या टेबलावर आला.

पत्र न्यायला मुलीची आई आली, तेव्हा तिने आणखी एक शंका काढली. “या अभ्यासाला पैसे कोण देतं, फादर?” आम्ही सांगितले, काही दानशूर संस्था देतात, काही वेळा तर यंत्रे बनवणाऱ्या कंपन्याच देतात. “म्हणजे ज्याच्या घरावर पहारा, त्याचाच पगार?” माउलीने नेमके मर्मावर बोट ठेवले होते.

आम्हाला शेजारच्या चाळीसगाव तालुक्यातील पाटण आठवले. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले. शके ११२८चा, म्हणजे इ. स. १२०७चा, हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्याच्या अखेरच्या मराठी भागात देणगीचा तपशील आहे. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हक्क मठाला दिला आहे. गावात जितके घाणे चालतील, तितक्यांकडून एकेक पळी तेलही. गणिताच्या अभ्यासाला घाण्याघाण्यातून तेल पोचत होते! यंत्रांवरच्या पहाऱ्यालाही अशीच अनेक घरांतून पळी पळी मिळाली, तर पहारेकऱ्याला एकाच धन्याचे तोंड पाहावे लागणार नाही. आईला हे पटले. “आमच्याकडून तेल नाही, पण एसटीचं भाडं गेलंच की,” ती हसत म्हणाली.

मुलीची निवड झाली नाही. परीक्षा आणि मुलाखत पार पडली. अखेरच्या यादीत नाव नव्हते. आईच्या डोळ्यांत पाणी आले. मुलगी दोन दिवस गप्प राहिली, नंतर पुन्हा वही उघडून बसली. सध्या ती शेजारच्या म्हाताऱ्यांकडून अहिराणीतले प्रश्न गोळा करते, ते यंत्राला विचारते आणि चुकीची उत्तरे नोंदवून ठेवते. यंदा पुन्हा अर्ज जाणार आहे.

पत्र आम्हालाच लिहायचे आहे. या खेपेस कच्चा खर्डा आधी तिला वाचायला देणार आहोत.