दहा सेकंद पुढे

माझं घड्याळ रोज साधारण दहा सेकंद पुढे जातं. हे ऑफिसात सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा मित्र म्हणाला, "मग परत कर ना!" त्याचं बरोबर होतं. खिशातल्या फोनला अचूक वेळ कळते. मग एका साध्या स्मार्टफोनच्या किमतीत चुकणारं घड्याळ कशाला घ्यायचं?

घड्याळ ओरिएंट कंपनीचं, नाव बाम्बिनो. इटालियनमध्ये बाम्बिनो म्हणजे लहान मूल. कंपनी मात्र जपानी. खरं सांगायचं तर आधी मी दिसण्यावरच भाळलो. जुन्या सिनेमातल्या हिरोच्या मनगटावर शोभेल असा मलईरंगी डायल, आकड्यांच्या जागी बारीक उभ्या पट्ट्या, तीनच्या जागी तारखेची चिमुकली खिडकी, चामड्याचा पट्टा. काच मधोमध फुगीर आहे, त्यामुळे तिरकं पाहिलं की कडेच्या पट्ट्या पाण्यातल्या काडीसारख्या वाकलेल्या दिसतात.

जीव जडला तो नंतर, आत काय चालतं ते कळल्यावर. आत बॅटरी नाही. एक अर्धगोल वजन आहे, ते हात हलला की फिरतं. घड्याळ कानाशी धरून हलवलं तर भिंगरीसारखा आवाज येतो. त्या फिरण्यानं स्प्रिंग गुंडाळली जाते, आणि ती एकदम सुटू नये म्हणून एक छोटं चक्र सेकंदाला सहा ठोके, म्हणजे तासाला २१,६०० ठोके देत तिला थोडंथोडं मोकळं करतं. म्हणून सेकंदकाटा टकटक उड्या मारत नाही, सरकत जातो. स्प्रिंग पूर्ण भरली की चाळीसेक तासांची बेगमी. तेवढ्यात हात हलला नाही, तर घड्याळ गप्प. आणि दिवसाला २५ सेकंद पुढे ते १५ सेकंद मागे, एवढी सूट कंपनीनंच लिहून दिलेली आहे.

गंमत म्हणजे अशा घड्याळांना जुनाट ठरवलं तेही जपाननंच. २५ डिसेंबर १९६९ रोजी सेइकोनं टोकियोत ॲस्ट्रॉन हे जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका मोटारीएवढी. चूक मात्र महिन्याला पाच सेकंद. पुढे क्वार्ट्झ स्वस्त झालं आणि स्वित्झर्लंडमधले कितीतरी चावीवाले कारखाने बुडाले. तरीही पगारदार माणसाला परवडतील अशी यांत्रिक घड्याळं जपाननं बनवणं सोडलं नाही. त्यातलंच एक माझ्या हातावर आलं.

आमच्या घरात आधीपासून एक होतं. बाबांचं एचएमटी जनता. एचएमटीनं १९६१मध्ये बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं, त्यामुळे जनताचं आजोळही तिकडचंच म्हणायचं. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. रोज सकाळी चहाच्या आधी जनताला चावी द्यायची आणि रेडिओच्या बातम्यांवर वेळ लावायची, हे त्यांचं व्रत. निवृत्तीनंतरही चुकलं नाही.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, पण उजव्या हाताच्या चिमटीत जोर राहिला नाही. चावी फिरेना. आई म्हणाली, "मी देते की." ते म्हणाले, "राहू दे." जनता कपाटात गेलं.

त्या सुट्टीत सांगलीहून पुण्याला निघताना मी माझं घड्याळ काढून त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं. "याला चावी लागत नाही बाबा. तुम्ही फक्त फिरत राहा." त्यांनी ते कानाला लावलं, हलवलं, लहान मुलासारखे हसले. जनता मी सोबत घेऊन आलो.

फोनवर रोज तेच. "फिरायला गेला होतात?" "गेलो होतो. दोन चकरा झाल्या."

महिन्याभरानं अचानक घरी गेलो. बाबा खुर्चीत, घड्याळ हातावर, काटे भलत्याच वेळेवर थांबलेले. म्हणजे कित्येक तास त्या हातानं चहाच्या कपापलीकडे काही उचललं नव्हतं. मला राग आला. डॉक्टरांनी काय सांगितलंय, आई एकटी किती करणार, सगळं बोलून गेलो. ते खाली बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चुगलखोर आहे तुझं घड्याळ." मग आणखी हळू, "गल्लीतली माणसं बघतात रे. पाय ओढत चालतो मी."

यावर मला काही बोलता आलं नाही. संध्याकाळी अंधार पडल्यावर आम्ही दोघं बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत आणि परत.

आता ते रोज अंधार पडल्यावर जातात. मी सकाळी पुण्यात जनताला चावी देतो. बोटाला स्प्रिंगचा ताण लागला की थांबायचं, हे त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं. ओरिएंट मात्र ते पुन्हा वेळेवर लावत नाहीत. थांबलं, तरच लावायचं. आयुष्यभर गाड्यांचा उशीर वहीत टिपलेला माणूस. आता दर रविवारी टीव्हीवरच्या घड्याळाशी ताडून फरक सांगतो.

परवाच्या रविवारी फोन लावला. मी काही विचारायच्या आत पलीकडून आवाज आला, "एक मिनिट दहा सेकंद पुढे."

मी मनातल्या मनात दहानं भागलं. सात दिवस.

"आणि आज?" मी विचारलं.

"चप्पलच घालतोय," बाबा म्हणाले. "ठेव फोन."